भूमिआजोबांकडून अर्ज मागे घेताना

देवापुढे मागणं मांडताना आधी पूर्ण नाव, मग जन्मतारीख, मग पत्ता सांगायचा, ही आमच्याकडची पद्धत. पत्ता मजल्यासकट. नाहीतर आमचे राखणदार देव भूमिआजोबा कृपा करायला म्हणून निघायचे आणि भलत्याच को बिंगरोंगच्या दारात जाऊन उभे राहायचे. आमच्या च्याई शहरात माझ्या नावाचे आणखीही लोक आहेत, त्यातला एक तर बदकं पाळतो. हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण घरनोंदणी कचेरीचा उपप्रमुख म्हणून मी निवृत्त झालो. लोकांची नावं, जन्म आणि पत्ते सांभाळणं हाच माझा जन्मभराचा धंदा. 'आपली माहिती कोणालाही देऊ नका' हा फलक कचेरीत मीच लावला होता. खिळासुद्धा मीच ठोकला होता. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं ऐकताना तुम्हाला हसायला सोपं जाईल.

गल्लीच्या तोंडाशी भूमिआजोबांचं देऊळ आहे. देऊळ एवढंसं, समिती ही एवढी. समितीचे अध्यक्ष झान. फरशांचं दुकान मुलावर सोपवून ते आता पूर्णवेळ देवाच्या सेवेत आहेत, म्हणजे देवळात पंखा लावून बसलेले असतात. मागच्या वर्षी त्यांच्या डोक्यात आलं की देऊळ आधुनिक झालं पाहिजे. म्हणून ज्या चॅटवर आमचं अख्खं बेट रोज सकाळी एकमेकांना सुप्रभातची कमळं पाठवतं, त्याच चॅटवर त्यांनी भूमिआजोबांचं खातं उघडलं. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी घरबसल्या मागणं पाठवावं, आजोबांपर्यंत पोचतं केलं जाईल.

माझे गुडघे ठणठणीत आहेत. दुखत होते ते कान.

माझी बायको लीश्वे गाते. बाई स्वभावाने सोन्यासारखी, हाताला चव आहे, माणसं जोडते, आणि गाते. आजोबांच्या वाढदिवसाला देवळासमोर मांडव पडतो, संध्याकाळी गाण्याची स्पर्धा असते. त्यात या वर्षी आपण उतरायचं, असं तिने उन्हाळ्यातच ठरवलं. गाणं एकच. नवरा मासेमारीला गेलाय, बायको धक्क्यावर उभी राहून त्याला हाक मारतेय. ती हाक फार वर जाते. लीश्वे तिच्या मागोमाग जायची आणि निम्म्या वाटेत तिला सोडून भलतीकडे वळायची. मग पुन्हा पहिल्यापासून. दुपारी, माझ्या झोपेच्या वेळी, रोज. मला त्या नवऱ्याबद्दल वाटायला लागलं होतं, की हा मासे पकडायला वगैरे काही गेलेला नाही.

तिला तोंडावर सांगायची माझी छाती नव्हती. कचेरीत मी मंत्र्याच्या मेव्हण्याचा अर्ज परत पाठवलाय, पण ते वेगळं. तेव्हा एका दुपारी उशी कानावर दाबून मी फोन उचलला आणि आजोबांच्या खात्यावर माझं मागणं लिहिलं. रीतसर लिहिलं. नाव, जन्मतारीख, पत्ता, तिसरा मजला, डावीकडचं दार. मग बायकोचं नाव. मग मुद्दा. लगेच उत्तर आलं, 'आपलं मागणं भूमिआजोबांना मिळालं आहे,' आणि शेजारी हात जोडलेले. मला इतकं हलकं वाटलं, की मी तसाच झोपून गेलो.

वाढदिवसाला काही आठवडे उरले असताना झान यांनी गल्लीच्या ग्रुपवर सूचना टाकली. या वर्षी चॅटवरून आलेली सर्व मागणी वाढदिवसाच्या सकाळी पुरोहितांकडून आजोबांसमोर नाव-पत्त्यासह मोठ्याने वाचली जातील. मागे बसलेल्यांनाही ऐकू यावं म्हणून कर्ण्याची सोय केली आहे. कोणाचंही मागणं सुटणार नाही याची समितीने काळजी घेतली आहे.

माझ्या हातातलं टर्कीभाताचं वाडगं तसंच राहिलं.

"काय झालं हो?" लीश्वेने विचारलं.

"काही नाही. समितीने काळजी घेतली आहे."

आता पुढचं सगळं मी शांत डोक्याने केलं, हे मुद्दाम नमूद करतो. खोलीत गेलो, कडी घातली, ते संभाषण उघडलं आणि पुसून टाकलं. पडदा स्वच्छ. मी हुश्श केलं. मग लक्षात आलं की हे फक्त माझ्या फोनमधून पुसलं गेलंय. पाठवलेला संदेश समोरच्याकडूनही मागे घ्यायचा असतो तो ठरावीक वेळेच्या आत, आणि ती वेळ केव्हाच टळली होती. म्हणजे हिशेब असा झाला, की माझं मागणं समितीकडे जसंच्या तसं होतं आणि माझ्याकडे नव्हतं. मी नेमकं काय लिहिलं होतं हेसुद्धा आता मला नीट आठवेना. झोपमोड झालेल्या माणसाने लिहिलेलं. त्यात 'बेसूर' हा शब्द होता का? 'रेडा' होता का? 'रेडा' असल्यासारखं वाटत होतं.

आमच्याकडे संध्याकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत येते आणि सगळी गल्ली पिशव्या घेऊन खाली उभी राहते. गल्लीतले सगळे महत्त्वाचे निर्णय तिथेच होतात. खालच्या मजल्यावरचे फांग माझ्या शेजारी उभे होते. त्यांचा भाचा कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे, त्यामुळे या विषयात फांग यांचा शब्द शेवटचा.

"फांग, समजा एखाद्या माणसाने," मी म्हणालो, "समजा हं, चॅटवर काहीतरी पाठवलं, आणि ते त्याला पुसायचंय."

"कोणाला पाठवलंय?"

"ते महत्त्वाचं नाही."

"बाई आहे?"

"छे छे! वयस्कर आहेत. दाढी आहे."

फांग यांनी कचऱ्याची पिशवी खाली टेकवली. "मग खातंच बंद करा. मुळापासून. माझा भाचा म्हणतो, खातं गेलं की माणसाचा मागमूस राहत नाही."

मी वर आलो आणि मुळापासून खातं बंद केलं. त्या यंत्राने मला खरंच जायचंय का, नक्की जायचंय का, गेल्यावर परत यायला मिळणार नाही हे माहीत आहे का, असं इतक्या वेळा विचारलं की मला भरून आलं. कचेरीने निवृत्तीच्या दिवशी एवढं विचारलं नव्हतं.

मागमूस राहत नाही म्हणतात ते खोटं आहे. माणूस गेला की चॅट सगळ्यांना कळवतं. 'को बिंगरोंग ग्रुप सोडून गेले.' गल्लीच्या ग्रुपवर कळलं, शाळेच्या मित्रांच्या ग्रुपवर कळलं, कचेरीच्या पेन्शनरांमध्ये कळलं, आणि घरच्या ग्रुपवर कळलं. ताइचुंगहून आमच्या मुलीचा, यीजुनचा, आईला फोन आला.

"आई, बाबा कुठेयत? बरे आहेत ना?"

"समोर बसलेत. पपई खातायत."

"मग ते सगळ्यांना सोडून का गेले?"

लीश्वेने माझ्याकडे पाहिलं. मी पपई खात राहिलो. खरं म्हणजे तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं, पण तोंडात पपई होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सरळ देवळात गेलो. म्हटलं, अर्जदार स्वतः हजर आहे, अर्ज मागे घेतोय, प्रश्न मिटला. झान पंख्याखाली होते. त्यांच्याशेजारी लियाव बाई. या बाईंचा कोपऱ्यावर नाश्त्याचा गाडा आहे. अंड्याच्या पोळ्या लाटता लाटता त्याच आजोबांचं खातं सांभाळतात, हे मला त्या दिवशी कळलं.

"म्हणजे तुम्ही सगळं वाचता?" माझा आवाज चिरकला.

"वाचते कसली," त्या म्हणाल्या. "आलं की उचलायचं आणि पुरोहितांच्या यादीत नेऊन ठेवायचं. लोकांची दुःखं वाचत बसले तर पोळ्या करपतील. नाव-पत्ता आहे का तेवढं बघते. तुमचा पत्ता फार व्यवस्थित होता हं, को साहेब. डावीकडचं दार सुद्धा."

त्यांनी वाचलेलं नव्हतं. माझ्या जिवात जीव आला. "मग ते काढून टाका. मी मागे घेतोय."

झान पुढे सरसावले. "तुम्ही कोण?"

"अहो झान, आपण एका शाळेत होतो."

"ते मला माहीत आहे. समितीला माहीत नाही."

"समिती म्हणजे कोण?"

"अध्यक्ष म्हणून मीच."

मी ओळखपत्र काढून समोर ठेवलं. त्यांनी ते उलटंपालटं केलं, उजेडात धरलं, आणि फोन माझ्यापुढे केला. "हे बघा. मागणं पाठवणाऱ्याच्या नावाच्या जागी आता येतंय, 'हा सदस्य अस्तित्वात नाही.' आणि तुम्ही तर अस्तित्वात आहात. मग दोघं एक कसे?"

"मीच तो. मी खातं बंद केलं."

"का बंद केलं?"

"मागणं पुसलं जावं म्हणून."

"असं काय होतं त्या मागण्यात?"

जन्मभर खिडकीच्या आतल्या बाजूला बसलेल्या माणसाला बाहेरच्या बाजूला उभं राहिल्यावर खिडकी किती उंच असते ते कळतं. मी त्यांना माहिती संरक्षणाचा कायदा सांगितला. ज्याची माहिती, त्याला ती पुसायला लावायचा हक्क. कलमासकट सांगितलं. झान यांनी मान डोलावत ऐकून घेतलं.

"बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले. "पण माहिती आहे कोणाच्या ताब्यात? आमच्या नाही. तुम्ही ती आजोबांना दिलीत. 'आपलं मागणं भूमिआजोबांना मिळालं आहे,' अशी पोचही तुम्हाला मिळाली. आम्ही नुसते हमाल. आता आजोबांची परवानगी आणा, एका मिनिटात पुसतो."

परवानगी आणायची म्हणजे कौल लावायचा. चंद्रकोरीसारखे दोन लाकडी तुकडे असतात, एक बाजू सपाट, एक फुगीर. नाव, जन्मतारीख, पत्ता सांगायचा, प्रश्न विचारायचा आणि ते जमिनीवर टाकायचे. एक उताणा, एक पालथा पडला तर आजोबा हो म्हणाले. दोन्ही पालथे पडले तर नाही. दोन्ही उताणे पडले तर आजोबा हसले. आणि देवाकडचं काही परत मागायचं असेल तर लागोपाठ तीन वेळा हो यावं लागतं, अशी झान यांची अट.

मी टाकले. आजोबा हसले.

पुन्हा टाकले. पुन्हा हसले.

"हसतायत," लियाव बाई म्हणाल्या. "असं काय लिहिलंय हो तुम्ही?"

मी रोज जायला लागलो. आणि रोज आजोबा हसायला लागले. मधेच कधीतरी हो म्हणायचे, मला आशा लावायचे, आणि पुढच्या फेरीला पुन्हा हसायचे. हळूहळू बघायला माणसं जमू लागली. बाजारातून येताना पिशव्या टेकून बायका थांबायच्या. कोणी म्हणायचं, जरा उंचावरून टाका. कोणी म्हणायचं, आधी तांदळाच्या पिठाची लाल कासवं ठेवा, आजोबांना गोड आवडतं. मी कासवं ठेवली. फांग यांनी भाच्याला विचारलं, पण भाच्याला लाकडी तुकड्यांतलं काही कळत नव्हतं. महिन्यापूर्वी माझं मागणं जगात कोणालाही माहीत नव्हतं आणि कोणाला त्याची पर्वाही नव्हती. आता गल्लीतलं कुत्रंसुद्धा माझ्याकडे विचारात पडल्यासारखं बघत होतं. वाढदिवसाला सकाळची चांगली जागा मिळावी म्हणून लोक आतापासूनच खुर्च्यांवर टॉवेल टाकून ठेवायला लागले.

हे सगळं लीश्वेपर्यंत पोचणारच होतं. मी भांडणाच्या तयारीत होतो. पण ती भांडलीच नाही.

एका दुपारी मी आडवा झालो आणि झोप येईना. का येईना ते कळेना. मग कळलं. घरात आवाज नव्हता. स्वयंपाकघरात डोकावलो तर लीश्वे काळ्या कोंबडीचं सूप ढवळत होती. माझ्यासाठी वाडगं भरलं, त्यात लाल खजूर टाकले, आणि समोर बसून मी पिताना बघत राहिली.

"आज गाणं नाही?" मी विचारलं.

"नाही. तुम्ही पडा."

दुसऱ्या दिवशीही सूप. तिसऱ्या दिवशी मऊ भाताची पेज. माझ्या अंगावर शाल. मी पायऱ्या चढताना मागून तिचा हात पाठीला. मला वाटलं, मागणं ऐकलं आजोबांनी! आणि प्रामाणिकपणे सांगतो, सुरुवातीला मी ते सुख भोगलं. माणूस म्हणून मी फार मोठा नाही. सूप उत्तम होतं.

मग शनिवारी यीजुन आली. न कळवता. मला दारातच मिठी मारून रडायला लागली.

"बाबा, आम्हाला सांगायचं तरी. कुठे दुखतंय?"

"कुठेच नाही."

"बघ, असंच म्हणतात," लीश्वे तिला म्हणाली. मग माझ्याकडे वळून, अगदी हळू, "अहो, आम्ही काही दूधखुळे नाही. माणूस सगळ्या ग्रुपमधून निघतो, मागचं सगळं पुसायला लागतो, रोज देवळात जाऊन देवाकडून काहीतरी मागून घेतो आणि घरी तोंड उघडत नाही. माझे वडील असेच आवराआवर करत होते, शेवटचा महिना. तुम्ही नका सांगू. तुम्हाला जेव्हा वाटेल तेव्हा सांगा."

मी तोंड उघडलं. आता सांगायचंच, असं ठरवून उघडलं. तेवढ्यात यीजुन म्हणाली, "आई, तुझ्या स्पर्धेचं काय?"

"नाव काढून घेतलं मी. गाण्यासारखं आहे का आता काही?"

आणि ती आत गेली. माझं तोंड तसंच उघडं राहिलं. उन्हाळ्यापासून ती त्या एका हाकेच्या मागे होती. स्पर्धेसाठी तिने जांभळा झगा शिवून घेतला होता, तो कपाटाच्या दाराला लटकवलेला असायचा. आता तो तिथे नव्हता. मी बिछान्यावर बसलो आणि मला स्वतःची इतकी लाज वाटली की सूपाचं वाडगंसुद्धा बाजूला सारलं. खरं सांगितलं असतं, तर 'मी मरत नाहीये, तुझं गाणं नको होतं म्हणून हे सगळं केलं' असं तिच्या तोंडावर म्हणावं लागलं असतं. न सांगावं, तर ती मला रोज थोडं थोडं पुरत होती. त्या दुपारी झोपायला इतकी शांतता होती आणि माझा डोळा लागला नाही. ती चुकीच्या वळणावर जाणारी हाक ऐकायला मी कान लावून बसलो होतो.

रोज सकाळी सांगायचं ठरवायचो आणि रोज ती पेज पुढे करायची. असं करता करता वाढदिवस उजाडला.

मांडव गच्च भरला होता. पुरोहित लाल झग्यात, झान नव्या कोटात, कर्णा थेट आमच्या खुर्च्यांकडे तोंड करून. मी शेवटचा प्रयत्न म्हणून पुरोहितांपर्यंत जायला उठलो, तर लीश्वेने माझा हात धरून खाली बसवलं.

"भिऊ नका," ती म्हणाली. "जे असेल ते आपण मिळून ऐकू."

दुसऱ्या बाजूने यीजुनने दुसरा हात धरला. मला पळायला पाय होते, पण हात दोन्ही गुंतलेले होते.

एकेक मागणं वाचलं जाऊ लागलं. कोणाला नातू हवा होता, कोणाच्या नातवाला परीक्षेत पास व्हायचं होतं, कोणाचं शिवणाचं दुकान चालायला हवं होतं. लोक हं-हं करत होते, पण खरं लक्ष सगळ्यांचं माझ्याकडे. आणि मग पुरोहितांनी घसा साफ केला.

"को बिंगरोंग. तिसरा मजला, डावीकडचं दार." मांडवातल्या खुर्च्या पुढे सरकल्या. "भूमिआजोबा, माझी पत्नी लीश्वे दुपारी गाते. आवाज मोठा आहे. गाण्यातल्या हाकेपाशी ती दरवेळी रस्ता चुकते आणि माझी झोप जाते. तरी स्पर्धेतून तिचं मन उडवावं, ही विनंती."

मी डोळे मिटून घेतले. 'रेडा' आता येणार. पण पुरोहित वाचत राहिले.

"मात्र आजोबा, तिच्या घशाला इजा होऊ नये. थंडीत तिला लवकर खोकला होतो आणि मग ती रात्रभर बसून काढते, ते मला बघवत नाही. मन उडेल ते असं उडावं की तिला वाईट वाटू नये. आणि हे तिला कधीही कळू नये."

शेवटचं वाक्य कर्ण्यातून गल्लीच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेलं असावं, कारण तिथूनही कोणीतरी हसलं. मग मांडव फुटला. लियाव बाईंना खुर्चीचा आधार घ्यावा लागला. मला मागण्यातलं ते घशाचं बिलकुल आठवत नव्हतं. झोपेत लिहिलं असणार.

लीश्वेने माझा हात सोडला.

"को बिंगरोंग." पूर्ण नावाने ती मला फक्त दोन प्रसंगी हाक मारते, आणि त्यातला लग्नाचा एक होऊन गेला होता. "तुम्हाला काही झालेलं नाही?"

"नाही."

"डॉक्टर? तपासणी? काहीतरी?"

"थोडं कोलेस्टेरॉल."

"मी इतके दिवस काळ्या कोंबडीचं सूप करतेय! मरणाऱ्या माणसासारखं जपतेय तुम्हाला!" तिने हातातल्या उदबत्त्यांच्या पुडक्याने माझ्या खांद्यावर एक ठेवून दिली. मग दुसरी. तिसरी उगारली आणि तिला रडू फुटलं. रडता रडता हसायला लागली, आणि माझ्या बाहीला नाक पुसत म्हणाली, "जिवंत आहे हो हा नालायक. काही झालेलं नाही याला!"

यीजुन तर खाली बसून पोट धरून हसत होती. मी आपला शक्य तितक्या उपप्रमुखासारखा ताठ बसून राहिलो.

लीश्वे उठली, डोळे पुसले, आणि सरळ झान यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "माझं नाव परत घाला स्पर्धेत."

"वेळ टळून गेली, वहिनी. आता समितीला—"

"समिती म्हणजे कोण?"

झान यांनी तिच्या हातातल्या पुडक्याकडे पाहिलं आणि नाव घातलं.

संध्याकाळी ती जांभळा झगा घालून मांडवात आली. माइक हातात घेतला आणि म्हणाली, "तिसरा मजला, डावीकडचं दार. कान उघडे ठेवा." मग गायली. ती हाक आली. सगळा मांडव श्वास धरून होता, कारण आता सगळ्यांना ठाऊक होतं की रस्ता कुठे चुकतो. लीश्वे वर गेली, थोडी डगमगली, माझ्याकडे रोखून बघितलं आणि रस्ता चुकली. पण अशा काही ऐटीत चुकली, की टाळ्यांनी मांडव दणाणला. सगळ्यात मोठ्याने मी वाजवत होतो. पहिला नंबर दुसऱ्या कोणाला मिळाला. तिला लोकप्रियतेचं बक्षीस म्हणून घरी गाण्याचा मोठा ध्वनिक्षेपक मिळाला, दोन माइकसकट. फांग यांचा चेहरा पडलेला मी स्वतः पाहिला.

निघताना आजोबांचे आभार मानायला गेलो. कौल टाकला. हो. पुन्हा टाकला. हो. तिसऱ्यांदा हो. इतके दिवस हसून बहुतेक थकले असावेत.

"मिळाली की परवानगी!" लियाव बाई फोन काढत म्हणाल्या. "आणा, पुसून टाकते आता तुमचं मागणं."

"थांबा," लीश्वे म्हणाली. "वरचं सगळं पुसा. रस्ता चुकण्याचं, झोपेचं, ते सगळं. घशाचं तेवढं राहू द्या."

"अर्धं पुसता येत नाही हो यात. पुसलं तर सगळं जातं, ठेवलं तर सगळं राहतं."

लीश्वेने बक्षिसाच्या खोक्यातून दोन्ही माइक बाहेर काढले.

"मग राहू द्या सगळं," ती म्हणाली, आणि दुसरा माइक माझ्या हातात दिला.